काय पाहावें, आणि कोणाच्या सांगण्यावरून?

रात्रीचीं जेवणें आटोपलीं आणि पश्चिम द्रुतगति मार्गावरील वाहनांचा घोष थोडा मंदावला, म्हणजे वाकोल्यांतील आमच्या इमारतीच्या बहुतेक खिडक्यांतून एकच निळसर उजेड दिसूं लागतो. त्या उजेडांत काय चाललें असेल याची आम्हांस आपल्या घरावरून पक्की कल्पना आहे. चार माणसें टीव्हीपुढें बसलेलीं असतात. एकाच्या हातीं रिमोट असतो. पडद्यावरून चित्रांच्या ओळींमागून ओळी सरकत असतात. आणि कोणीतरी म्हणत असतें, 'हें नको, पुढें घे.' पाऊण तास असा जातो. मग एकाला झोप येते, दुसऱ्याला सकाळची लोकल आठवते, आणि कांहीं न पाहतांच टीव्ही बंद होतो. पैसे भरून घेतलेल्या ओटीटी सेवेवर चित्रपटांची आणि मालिकांची एवढी रास पडलेली असतां पाहण्याजोगें एकही सांपडूं नये, ही तक्रार आज घरोघर ऐकूं येते. तक्रार खरी आहे. परंतु ती ज्याच्याविरुद्ध केली जाते तोच अपराधी आहे कीं काय, याचा विचार करावा असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. तसें वाटण्यास एक लाजिरवाणें कारण घडलें, तें पुढें सांगूंच.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजीं सुरू झालें, आणि त्यानंतर कित्येक वर्षें काय पाहावें हा प्रश्नच घरांत उद्भवत नसे. शनिवारीं मराठी चित्रपट, रविवारीं हिंदी, मधल्या एका दिवशीं 'छायागीत'. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा' यांच्या वेळा ठरलेल्या. रविवारीं 'साप्ताहिकी' लागे, आणि पुढल्या आठवड्यांत काय पाहावयास मिळणार तें शांतपणें सांगितलें जाई. आमच्या घरीं तेवढ्यापुरती एक वही उघडली जात असे. त्यानंतर कॅसेटींचे दिवस आले. वाकोल्याच्या बाजारांत एका जिन्याखालच्या चिंचोळ्या गाळ्यांत एक गृहस्थ कॅसेटी भाड्यानें देत. त्यांच्यापैकीं किती सरळ मार्गानें आलेल्या असत हें न विचारणेंच बरें. परंतु गिऱ्हाइकाचें घर त्यांना ठाऊक असे. वडील आजारी आहेत, मुलीची परीक्षा संपली आहे, मागच्या खेपेस नेलेला मारामारीचा चित्रपट अर्ध्यावरच परत आला, हें सारें त्यांच्या हिशेबांत असे. आणि कधीं कधीं ते आपण मागितलेली कॅसेट बाजूला सारून, 'आज ही न्या. नाहीं आवडली तर भाडें देऊं नका,' असें म्हणत. शिफारस म्हणजे काय तें आम्ही या वाक्यावरून शिकलों. सांगणारा आपलें कांहीतरी पणाला लावीत होता. ज्यांना याहून गंभीर कांहीं हवें असे ते 1968 मध्यें स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळाचे सभासद होत, आणि खेळ सुटल्यावर शेवटची गाडी गांठेपर्यंत वाद घालीत.

आतां तें काम यंत्राकडे गेलें आहे. नेटफ्लिक्स भारतांत जानेवारी 2016 मध्यें आलें. पण शिफारशीचें गणित त्या कंपनीनें त्याच्या पुष्कळ आधीं मांडावयास घेतलें होतें. 2006 मध्यें तिनें स्पर्धा जाहीर केली: कोणता प्रेक्षक कोणत्या चित्रपटास किती तारे देईल, याचें भाकीत तिच्या पद्धतीहून शेंकडा 10 नें अधिक अचूक करून दाखवील त्यास 10 लाख डॉलर. 2009 मध्यें तें बक्षीस दिलेंही गेलें. कार्लोस गोमेझ-उरिबे आणि नील हंट या तिच्याच दोघां अधिकाऱ्यांनीं 2015 मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें म्हटलें आहे कीं, तेथें पाहिल्या जाणाऱ्या तासांपैकीं सुमारें शेंकडा 80 तास शिफारशींच्या द्वारें येतात, आणि निवड करतांना सामान्य प्रेक्षकाचा उत्साह 60 ते 90 सेकंदांत ओसरतो. (आमच्या घरचा पाऊण तास पाहतां आम्ही वाकोलेकर बरेच चिवट म्हणावयाचे.)

परंतु या इतिहासांतील सर्वांत विचारणीय गोष्ट 2017 सालची आहे. त्या वर्षीं पांच ताऱ्यांची पद्धति काढून टाकून तेथें नुसता अंगठा, वर किंवा खालीं, असा आणण्यांत आला. त्यावेळीं सांगितलें गेलें तें असें कीं, लोक गंभीर माहितीपटास पांच तारे देतात, हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटास तीन. आणि पाहतात मात्र तो तिनांचाच. म्हणजे तारे हें प्रेक्षकाचें मत होतें, वागणूक नव्हती. यंत्र चालविणाऱ्यांनीं मताचा नाद सोडला आणि वागणुकीवर विश्वास ठेवला.

व्यापाराच्या दृष्टीनें यांत कांहीं चुकलें असें म्हणवत नाहीं. पण येथें एक फार जुना प्रश्न उभा राहतो. मनुष्य खरा कोणता? जो पांच तारे देतो तो, कीं जो रात्रीं साडेदहा वाजतां थकून तीन ताऱ्यांचें पाहतो तो? कठोपनिषदांत यमानें नचिकेत्यास श्रेय आणि प्रेय यांतला भेद सांगितला आहे, आणि दोन्हीं मनुष्यापुढें एकदमच येऊन उभीं राहतात असेंही सांगितलें आहे. आमच्या घरच्या पडद्यावर तीं खरोखरच शेजारीं शेजारीं असतात. आमच्या 'पुढें पाहावयाच्या' यादींत सत्तावीस नांवें आहेत. त्यांपैकीं कित्येक तीन वर्षांपासून तेथें तशींच पडून आहेत. त्याच सेवेंत आपण आजवर काय पाहिलें याचीही नोंद असते. एका रविवारीं ती सहज उघडली, तो केक भाजण्याच्या एका परदेशी स्पर्धेचे चाळीसाहून अधिक भाग आमच्या नांवावर निघाले. आमच्या घरीं भट्टी नाहीं, आणि केक आम्हांस विशेष आवडतही नाहीं.

अशा माणसाला ढोंगी म्हणण्याची रीत आहे. आम्हांस ती मान्य नाहीं, आणि हें केवळ स्वसंरक्षणार्थ म्हणत नाहीं. पहाटे उठण्याचा निश्चय करून आठ वाजतां उठणारा मनुष्य निश्चय करतांना खोटें बोलत नसतो; तो दुबळा असतो, आणि दुबळेपणा व दांभिकपणा यांत अंतर आहे. त्याची ती न पाहिलेल्या चित्रपटांची यादी म्हणजे आपण कसे असावें याविषयीं त्यानें दिलेली साक्ष होय. यंत्र ती साक्ष लिहून घेतें, परंतु निवाडा पावलांच्या ठशांवरून देतें. आम्हीं केक पाहिले, म्हणून आणखी केक येतात. ते समोर आले म्हणून आम्ही पाहतों. ही आवड आमची कीं यंत्राची, हें थोड्या दिवसांनीं आमचें आम्हांसही सांगतां येईनासें होतें.

जुन्या मार्गदर्शकांविषयीं आमच्या मनांत भक्ति आहे असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. त्या वहींत काय लिहावयाचें तें वडील ठरवीत. कॅसेट आणावयास मुलगे जात. घरांतील बायकांना काय पाहावेंसें वाटतें हें कोणीं विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आमच्या काकू आज चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. रेल्वेच्या हिशेब-कचेरींत त्यांची हयात गेली, त्यामुळें पडद्याखालचें इंग्रजी त्या झरझर वाचतात. दुपारीं घर निजलें कीं मोबाइल डब्याला टेकवून त्या कोरियन मालिका पाहतात. कोणीं सुचविल्या म्हणाल, तर यंत्रानें. आम्ही हंसलों. मग एके दिवशीं शेजारीं बसलों. मालिका होती 'रिप्लाय 1988'. सेऊलमधील एका गल्लींत राहणाऱ्या पांच कुटुंबांची गोष्ट. पहिल्याच भागांत एका घरची आई शेजारीं वाटी पाठविते, तेथून दुसरा पदार्थ परत येतो, मुलें ताटें घेऊन गल्लींत एकमेकांस ओलांडून पळत असतात, आणि शेवटीं प्रत्येक घरचें जेवण भरगच्च होतें. 'ही तर आपली जुनी चाळच,' काकू म्हणाल्या. आणि खरेंच होतें तें. सत्तर वर्षांत त्यांना काय आवडेल याची चौकशी ज्या घरानें केली नाहीं, त्या घरानें यंत्रास नांवें ठेवणें शोभत नाहीं. मात्र एक सांगितलें पाहिजे. ती मालिका यंत्रानें आम्हांस कधीं दाखविली नव्हती; आमचा रकाना केकांनीं भरला होता. ती आमच्यापर्यंत आली ती काकूंमुळें.

आतां तें लाजिरवाणें कारण. आमच्या इमारतींत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. सारे त्यांना 'सर' म्हणतात. त्यांनीं आम्हांस जिन्यांत थांबवून चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' पाहावयास सांगितलें. हा मराठी चित्रपट 2020 मध्यें व्हेनिसच्या महोत्सवांत मुख्य स्पर्धेंत होता, आणि पटकथेचें पारितोषिक घेऊन आला; 1937 मध्यें प्रभातच्या 'संत तुकाराम'चा गौरव झाला तो त्याच महोत्सवांत. 30 एप्रिल 2021 रोजीं, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत चित्रपटगृहें बंद असतांना, तो नेटफ्लिक्सवर आला. तिकिटासाठीं रांग नाहीं, मध्यंतरांत बोलणें नाहीं. अशी कृति एकाच्या तोंडून दुसऱ्याकडे गेली तरच जावयाची. सर म्हणाले, 'तुम्ही पूर्वीं पेटी शिकत होतां ना? मग हा तुम्ही पाहायलाच हवा. थोडा त्रास होईल.'

त्रास होईल असें सांगून कोणतें यंत्र शिफारस करतें?

आम्हीं तो यादींत घातला. एका रात्रीं दहा मिनिटें पाहिला, आणि डोळे मिटूं लागले म्हणून केकांकडे वळलों. पंधरा दिवसांनीं सर पुन्हां जिन्यांत भेटले. 'पाहिलात?' एक परीक्षण वाचलेलें होतें; तेवढ्या भांडवलावर आम्हीं सांगितलें, 'पाहिला, सर. फार सुंदर.' ते खुलले. म्हणाले, 'रात्रीं मोटारसायकलवरून जातांना तो शरद काय ऐकत असतो, तें ध्यानांत राहिलें कीं नाहीं?' 'हो तर. माईंचें गाणें,' आम्ही बेधडक बोलून गेलों. सर कांहीं बोलले नाहींत. 'अस्सं,' एवढेंच म्हणून पिशवी सांवरीत वर गेले.

त्याच रात्रीं आम्हीं चित्रपट लावला आणि शेवटपर्यंत पाहिला. शरद नेरुळकर हा ख्यालगायनाचा विद्यार्थी मुंबईच्या निर्मनुष्य रस्त्यांवरून जातो, तेव्हां त्याच्या कानांत माईंचें गाणें नसतें. माईंचें बोलणें असतें. माईंनीं आपलें गाणें कधीं मुद्रित होऊं दिलेलें नाहीं. उरलीं आहेत तीं त्यांचीं साधनेविषयींचीं, त्यागाविषयींचीं कठोर व्याख्यानें, आणि तीं ऐकतां ऐकतां शरदचें तारुण्य निघून जातें. (तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. चित्रपट लोकांपुढें येण्याच्या 11 दिवस आधीं, 19 एप्रिल 2021 रोजीं, त्या निवर्तल्या.) सरांच्या प्रश्नांत सारा चित्रपट होता, आणि आमच्या उत्तरानें आम्ही उघडे पडलों होतों.

झोंप लागेना. यंत्राशीं आम्हांस असें खोटें बोलतांच आलें नसतें. आम्हीं कोणत्या मिनिटास चित्रपट सोडला हें त्याला ठाऊक होतें, आणि त्याबद्दल त्याचा कांहींच आक्षेप नव्हता. सरांना तें ठाऊक नव्हतें, म्हणून त्यांनीं आमच्या शब्दावर विश्वास ठेवला. जेथें खोटें बोलतांच येत नाहीं तेथें खरें बोलण्यालाही अर्थ राहत नाहीं. लाज वाटावयास समोर कोणीतरी लागतें. पाहण्याजोगें काय तें सांगणारा मनुष्य आपल्यापाशीं एक अपेक्षा ठेवून जातो, आणि चित्रपट पाहतांना ती अपेक्षा शेजारीं बसलेली असते. कदाचित् अर्धें लक्ष तिच्यामुळेंच लागत असावें.

तथापि आमच्या या प्रतिपादनाविरुद्ध खुद्द त्या चित्रपटाचीच साक्ष निघते, ती लपविणें बरें नाहीं. शरदचें नुकसान कोणत्याही यंत्रानें केलेलें नाहीं. श्रेयाचा आग्रह धरणाऱ्या एका थोर आवाजानेंच तें केलें. आपल्या मगदुराबाहेरचें कोणीतरी आपल्यासाठीं इच्छावें, आणि त्या इच्छेखालीं आपण दबून जावें, असें पुष्कळांचें होतें. पेटी आम्हीं कां सोडली हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, पण सर त्रास होईल म्हणाले तो याच जागीं झाला. माईंचा आवाज फितींतला होता, तो शरदला उलट कांहीं विचारूं शकत नव्हता. सर जिन्यांत उभे राहून विचारतात. या दोहोंत भेद आहे असें आम्ही स्वतःस समजावितों. तो पुरेसा आहे कीं नाहीं, हें अद्याप ठरत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्ही वर गेलों आणि सांगून टाकलें. सर हंसले. 'मला कळलं होतं,' ते म्हणाले. 'पहिल्या खेपेस मीही अर्ध्यावरच बंद केला होता.' मग चहा आला, आणि शेवटच्या प्रसंगावरून आमचें जुंपलें. आगगाडींत बायको-मुलीसह बसलेल्या शरदपुढून एक गाणारा भिकारी जातो, तेव्हां शरदच्या मुद्रेवर शांति आहे असें सरांचें म्हणणें. आम्हांस ती शांति वाटली नाहीं. सरांनीं रिमोट घेऊन तो प्रसंग तीनदां लावला. चहा निवून गेला. काकूंची मालिका त्यांना सांगितली, तेव्हां त्यांनीं नांव कागदावर लिहून घेतलें, पण कोरियन म्हणतांच नाक थोडें मुरडलें. तेंही आम्हीं पाहून ठेवलें.

निघतांना त्यांनीं दारांत विचारलें, 'पेटी आहे कीं देऊन टाकलीत?' माळ्यावर आहे, असें आम्हीं सांगितलें. हें खरें होतें.