जग पाहून घरी आल्यावर

एके काळी गावातला कोणी आखातात नोकरीला निघाला की अर्धी आळी त्याला पोचवायला सहारच्या विमानतळावर जात असे. आता परदेशवारीचे तेवढे अप्रूप राहिलेले नाही. कोणी लेकीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला जाते, कोणी बोटीवर आहे, कोणी सुट्टीत सिंगापूर पाहून येते. २०२५ च्या जुबिली वर्षात रोमला जाऊन आलेले भाविकही आपल्यात आहेत.

परत आलेल्या माणसाचे बोलणे जरा लक्ष देऊन ऐकावे. तो तिथल्या चर्चविषयी बोलतो, थंडीविषयी बोलतो, जेवणाला नावे ठेवतो, आणि शेवटी एका वाक्यावर येतो. "काय ती स्वच्छता! रस्त्यावर कागदाचा कपटा दिसणार नाही!" लगेच त्याचे पुढचे वाक्य तयार असते. "आपल्याकडे हे जन्मात होणार नाही." ही दोन वाक्ये आपण इतक्यांदा ऐकली आहेत की त्यांच्या मध्ये एक प्रश्न दडलेला आहे हे लक्षातच येत नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या चांगल्या गोष्टीचे आपल्यावर काही ऋण राहते का? की तिकिटाचे पैसे भरले म्हणजे तो व्यवहार संपला?

आधी त्या दुसऱ्या वाक्याचा विचार करू. तिथली माणसे मुळातच शिस्तीची, आपण मुळातच बेशिस्त, असे आपण धरून चालतो. इतिहास काही वेगळेच सांगतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचे असे दाट धुके पसरले की चार-पाच दिवसांत हजारो माणसे दगावली. नोव्हेंबर १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ रसायनांच्या एका गोदामाला आग लागली, आणि विझवण्यासाठी मारलेल्या पाण्याबरोबर विष ऱ्हाइन नदीत उतरले. नदी लाल झाली, मासे मेले. टोकियोमध्ये तर १९७१ साली कचऱ्यावरून दोन विभाग एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि राज्यपालांना 'कचरायुद्ध' जाहीर करावे लागले. आज पर्यटक ज्या शहरांचे फोटो काढून आणतात, ती ही शहरे आहेत.

जपानच्या शिकोकू बेटावर डोंगरात कामिकात्सु नावाचे एक छोटे गाव आहे. वस्ती दीड हजाराच्या आसपास, त्यातली निम्मी माणसे पासष्टीच्या पुढची. १९९० च्या दशकापर्यंत हे गाव आपला कचरा उघड्यावर, खड्ड्यात जाळत असे. आपल्याकडे नाक्यावर जळतो तसाच! पुढे कचरा जाळण्याच्या भट्ट्या बसवल्या, पण डायॉक्सिन या विषारी द्रव्यावर सरकारने कडक निर्बंध आणले आणि त्या भट्ट्याही बंद कराव्या लागल्या. नवी, मोठी भट्टी बांधण्याइतका पैसा गावाकडे नव्हता. म्हणून २००३ साली गावाने ठरवले की २०२० पर्यंत जाळायला किंवा पुरायला कचरा उरूच द्यायचा नाही.

तिथे कचऱ्याची गाडी दारात येत नाही. ओला कचरा प्रत्येकाने घरीच जिरवायचा. बाकीचा धुऊन, वाळवून केंद्रावर न्यायचा आणि आपल्या हाताने चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करायचा. ज्या म्हाताऱ्या माणसांकडे वाहन नाही त्यांना गाव मदत करते. प्रत्येक खोक्यावर लिहिलेले असते की यातली वस्तू पुढे कुठे जाणार आणि त्यातून गावाला किती पैसे मिळणार किंवा किती खर्च येणार. शेजारी एक खोली आहे. नको असलेली पण धड असलेली वस्तू तिथे ठेवायची, हवी ती फुकट न्यायची. सुरुवातीला कुरकुर झालीच. कोण धूत बसणार डबे? पण आज त्या गावातला सुमारे ८० टक्के कचरा पुन्हा वापरात जातो. २०२० पर्यंत शंभर टक्के मात्र झाले नाही. लंगोट, बूट, अनेक पदार्थ एकत्र चिकटवून केलेल्या वस्तू अशा गोष्टी उरल्याच, कारण त्या वेगळ्या करता येतील अशा बनवलेल्याच नसतात. तो दोष गावाचा नाही, बनवणाऱ्यांचा आहे.

या गावाची गोष्ट मला भावते ती एवढ्याचसाठी की तिची सुरुवात सद्गुणातून झालेली नाही. पैसा नव्हता, मार्ग नव्हता, म्हणून सुरुवात झाली. सवय मागाहून आली, आणि अभिमान त्याच्याही मागाहून.

जपानचे सगळेच गोड मानून घ्यावे असेही नाही. तिथल्या दुकानांत एकेक केळे प्लास्टिकमध्ये गुंडाळून विकायला ठेवलेले दिसते. ज्या केळ्याला देवाने स्वतःच वेष्टण घालून दिले आहे त्याला आणखी एक वेष्टण! केळीच्या बागांत वाढलेल्या वसईकराने यावर हसावे की रडावे?

मध्यंतरी मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर झालेले एक संभाषण कानावर आले. एक भगिनी नुकतीच जर्मनीहून मुलाकडे राहून आली होती. ती सांगत होती, "अहो काका, तिथे रिकामी बाटलीसुद्धा कोणी टाकत नाही. बाजारातल्या मशीनमध्ये घातली की पैसे परत मिळतात." (ही गोष्ट खरी आहे. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांवर तिथे २००३ पासून २५ सेंट अनामत घेतात, म्हणजे आपले वीस रुपयांहून अधिक.) काका शांतपणे म्हणाले, "मग आम्ही काय करत होतो, बाय? सोड्याची बाटली परत दिल्याशिवाय दुकानदार डिपॉझिट सोडत होता का?"

काकांचे खरेच होते. कापडी पिशवी, केळीचे पान, रद्दीवाला, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण... परदेशातल्या कौतुकाच्या कितीतरी गोष्टी आपल्या आज्यांनी परदेश न पाहता केल्या. वसईची खाडी जिने आयुष्यात चार वेळा ओलांडली असेल अशा आजीने पृथ्वीवर जेवढा कमी भार टाकला, तेवढा कमी भार टाकणे आज आपल्यातल्या कोणालाही जमणार नाही. मग परदेशी जाण्याची गरजच काय, असा प्रश्न कोणी विचारील. विचारावाच. माझे उत्तर असे आहे की आजीला ते टंचाईमुळे करावे लागले. तिला निवड नव्हती. टंचाई गेली तेव्हा सवयही गेली, आणि एका पिढीत आपण काटकसरीला गरिबी समजू लागलो. हातात पैसा असूनही, दुकानात सगळे मिळत असूनही, बाटली परत करणारा माणूस जेव्हा आपण जर्मनीत पाहतो, तेव्हा आजीची तीच सवय पुन्हा दिसते, पण आता ती निवडलेली असते. कदाचित एवढे पाहण्यासाठीच आपल्याला इतके लांब जावे लागते.

प्रवास आणखी एका प्रकारे शिकवतो, आणि त्याकडे आपले लक्ष जात नाही. बॅगेचे वजन २३ किलोच्या वर गेले की विमानतळावर उघडून वस्तू काढाव्या लागतात. मग पंधरा दिवस माणूस चार कपड्यांवर, एका जोड्यावर राहतो आणि मजेत राहतो! रोममध्ये रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत. लोक त्यांना 'नासोने' म्हणजे मोठे नाक म्हणतात. १८७४ पासून ते बसवले गेले आणि आज शहरात सुमारे २,५०० आहेत. खालचे तोंड बोटाने दाबले की वरच्या छिद्रातून पाण्याची धार उसळते. घरात येते तेच पिण्याचे पाणी. यात्रेकरू दोन-तीन दिवसांत हे शिकतो आणि एकच बाटली पुन्हा पुन्हा भरून घेतो. तोच यात्रेकरू घरी आला की आठ दिवसांत लग्नाच्या जेवणात दोन घोट पिऊन अर्धी बाटली टेबलावर सोडून उठतो. रोममध्ये तो अधिक चांगला माणूस होता असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. तिथे नळ होता, इथे ताटाशेजारी बाटली मांडून ठेवलेली होती. माणसाच्या चांगुलपणाला थोडी सोय करून द्यावी लागते. लग्नघरी, सणाच्या मंडपात पाण्याचे पिंप आणि धुण्याचे पेले ठेवणे ही यजमानाने पाहुण्याच्या सद्सद्विवेकाला केलेली मदतच म्हणायची.

आता थोडा अवघड भाग. मुंबई ते रोम आणि परत हे अंतर १२,००० किलोमीटरहून अधिक आहे. साध्या वर्गातल्या एका प्रवाशाच्या वाट्याला या प्रवासाचा सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड येतो. भारतातल्या सरासरी माणसाचा वर्षभराचा सगळा वाटा सुमारे दोन टन. म्हणजे त्याच्या सहा महिन्यांचा वाटा आपण जाऊन-येऊन दोन दिवसांत खर्च केला. जगातली बहुतेक माणसे वर्षभरात एकदाही विमानात बसत नाहीत, पण तापलेल्या हवेचा, बिघडलेल्या पावसाचा त्रास त्यांनाही होतो. किंबहुना त्यांनाच आधी होतो.

मग परदेशातून पर्यावरणाचे धडे घेऊन येणे म्हणजे ढोंग आहे का? काहीजण तसे म्हणतात. दुसऱ्या टोकाला काहीजण म्हणतात, मी आता कापडी पिशवी वापरतो, फिटंफाट झाली. दोन्ही म्हणणी मला कच्ची वाटतात. पिशव्या नाकारून एक टन भरून काढायचा म्हटले तर बहुधा आयुष्य पुरणार नाही. पैसे देऊन कार्बनची भरपाई विकत घेण्याविषयीही पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकात सावध केले आहे, कारण त्याने मूळ राहणी बदलतच नाही.

आपल्या शिकवणुकीत क्षमा आणि परतफेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोरीची क्षमा मिळाली तरी चोरलेले परत करावे लागते. जक्कयाने तर फसवणुकीच्या चौपट परत देण्याचे कबूल केले. पण विमानाचा धूर परत कसा करणार? जो करता येत नाही तो हिशेब निदान उघडा ठेवावा, असे मला वाटते. हिशेब उघडा असला की माणूस पुढच्या वेळी स्वतःला विचारतो, हा प्रवास कशासाठी? नातवंडाला पाहायला जाणे एक, आणि 'दुबई केली, बँकॉक केले, आता बाली करायचे' हे दुसरे. आपल्या भाषेत हल्ली देश 'करायचे' असतात, ही गंमत आहे! कामे उरकावीत तसे देश उरकणाऱ्याला तिथली कुठलीच सवय लागत नाही. एकाच ठिकाणी महिनाभर राहिलेल्या माणसाला तिथला कचरा कुठल्या वारी कुठला न्यायचा हे ठाऊक होते, आणि ते ज्ञान त्याच्या हातात उतरते.

त्याच परिपत्रकात पोप महोदयांनी अगदी घरगुती कामे सांगितली आहेत. लागेल तेवढेच शिजवणे, पाणी जपून वापरणे, कचरा वेगळा करणे, नको तो दिवा बंद करणे, झाड लावणे. जगाच्या मोठ्या प्रश्नावर लिहिताना स्वयंपाकघरापर्यंत यायला त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

आता आपल्या दारातल्या गोष्टीकडे येतो. बोटीवर नोकरी करणारा एक तरुण परवा भेटला. त्याची बोट नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात लागली होती. तिथे शहराच्या मध्यावर, बेंथेमप्लाइन नावाच्या चौकात, २०१३ साली मुद्दाम खोलगट हौद बांधले आहेत. कोरड्या दिवसांत त्यांत मुले खेळतात आणि जोराचा पाऊस आला की आजूबाजूचे पाणी त्यांत साठते, म्हणजे रस्ते तुंबत नाहीत. "आपले बावखल आठवले," तो म्हणाला.

बावखल काय करते हे वसईकराला सांगायला नको. पावसाचे पाणी धरते, हळूहळू जमिनीत सोडते, विहिरी गोड ठेवते, वाडीला पाणी देते. आपल्या पूर्वजांनी ते हाताने खणले आणि आपण डबर टाकून बुजवले, कारण जमिनीला भाव आला. जुलै २०१८ च्या पावसात वसईत घराघरांत पाणी शिरले, गाड्या बंद पडल्या, वीज गेली. तेव्हा पाण्याने आपल्या जुन्या जागा शोधल्या, एवढेच. श्रीमंत देश भर शहरात खड्डे खणत आहेत आणि आपण असलेले बुजवतो आहोत, हे कळायला त्या तरुणाला रॉटरडॅमपर्यंत जावे लागले.

त्याच्या घरचे बावखल अजून आहे. तीन भावांचे सामाईक आहे. दोघांना ते भरून गाळे बांधायचे आहेत. त्यांचीही अडचण खोटी नाही. एकाच्या मुलीचे शिक्षण आहे, दुसऱ्याला कर्ज आहे. हा सही करायला तयार नाही. "तुला परदेशात पगार मिळतो, तुला काय जाते?" असे भाऊ त्याला म्हणतात आणि त्याला उत्तर सुचत नाही. पुढच्या महिन्यात तो पुन्हा बोटीवर जाणार आहे. कागद अजून बिनसहीचा कपाटात आहे.