जुन्या दागिन्याचे मोल कोणी सांगायचे?



घरातले वडीलधारे माणूस जाते, महिन्याची मिस्सा होते, पाहुणे परततात आणि मग एके दिवशी कपाट उघडले जाते. आत एक डबा असतो. त्यात आजीची पोत, एखादी बुगडी, आजोबांचे बंद पडलेले मनगटी घड्याळ. कोणीतरी विचारतेच, "याचे किती येतील?" असे विचारण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. घर चालवायचे असते, मुलांच्या फिया भरायच्या असतात. पण याचे उत्तर शोधताना माणसाचाही कस लागतो, आणि तो सोनाराच्या पेढीवर लागण्याआधी घरातच लागतो.

आधी व्यवहाराचे पाहू. सोन्याची किंमत वजनावर आणि शुद्धतेवर ठरते. 24 कॅरेट म्हणजे शुद्ध सोने. 22 कॅरेटच्या 12 ग्रॅमच्या दागिन्यात शुद्ध सोने 11 ग्रॅम, 18 कॅरेटच्या दागिन्यात 9 ग्रॅम. आपल्याकडे सोन्याचे हॉलमार्किंग 2000 साली सुरू झाले आणि जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. तेव्हा आजीच्या पोतीवर तो शिक्का नसणारच. म्हणून सोने खोटे ठरत नाही. मात्र जुने ते सगळे चोख, हेही खरे नाही. 1963 साली सुवर्ण नियंत्रण आले, तेव्हा काही वर्षे 14 कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी होती. कसोटीच्या दगडावर अंदाज येतो, यंत्रावरच्या तपासणीत तो अधिक नेमका कळतो. पोकळ दागिन्यात लाख भरलेली असते, कुठे खडे असतात. त्यांचे वजन वजा होते. घडणावळीचे पैसे तर परत येतच नाहीत.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आजचा बाजारातला तोळा 10 ग्रॅमचा आहे. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा होता. आजीच्या वहीत जुन्या मापाने 'पाच तोळे' लिहिले असेल, तर ते 50 ग्रॅम नव्हेत, 58 ग्रॅमच्या वर होतात. म्हणून खारबावहून गाडीने वसईला जा किंवा भिवंडीच्या बाजारात, पण दोन-तीन पेढ्यांवर दाखवा आणि वजन आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या.

घड्याळाचे गणित अगदी उलटे. सोने वितळले तरी सोनेच राहते. घड्याळाची किंमत ते जसेच्या तसे असण्यात आहे. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. 'जनता', 'पायलट' ही घड्याळे कितीतरी मनगटांवर आली. 2016 साली सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. आज संग्राहक ही घड्याळे शोधत असतात, आणि त्यांना फिकी पडलेली मूळ तबकडी नव्याने रंगवलेल्या तबकडीपेक्षा मोलाची वाटते. आजोबांवरच्या मायेपोटी नातू तबकडी रंगवून आणतो आणि तिथेच किंमत उतरते! अर्थात बहुतेक घड्याळांना काही मोठे घबाड मिळत नाही. पण एखाद्याला मिळतेही.

आता खरा प्रश्न. समजा, मुंबईला नोकरी करणाऱ्या भावाला हे सारे ठाऊक आहे. गावातली बहीण म्हणते, "ते बंद घड्याळ तूच ने, मला काय करायचंय त्याचं?" तो गप्प राहतो आणि घड्याळ खिशात घालतो. तो खोटे बोलला नाही. मग त्याने अन्याय केला का?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी जवळजवळ हाच प्रश्न हाताळला आहे. विकणारा तांबे समजून सोने विकतो आणि घेणाऱ्याला मात्र ते सोने असल्याचे माहीत आहे. त्यांच्या मते ही खरेदी अन्यायाची आहे आणि घेणाऱ्याने भरपाई केली पाहिजे. पण तेच पुढे दुसरे उदाहरण देतात. दुष्काळी गावात धान्य घेऊन पोहोचलेल्या व्यापाऱ्याला मागून आणखी धान्य येत आहे हे माहीत असते. ते त्याने सांगितलेच पाहिजे असे न्याय म्हणत नाही. सांगितले तर तो मोठा सद्गुण. म्हणजे पुढच्या वर्षी भाव काय होईल, हे भावाने सांगितले नाही तरी चालेल. हातातली वस्तू काय आहे हे मात्र सांगितलेच पाहिजे. (सख्ख्या भावंडांत मला पहिली सूटही नकोशी वाटते.)

शेतातला ठेवा सापडलेल्या माणसाने मालकाला न सांगता शेत विकत घेतले, असा दाखला कोणी देईल. पण तो दाखला स्वर्गराज्यासाठी सर्वस्व विकण्याच्या आनंदाचा आहे. शेतजमिनीचे व्यवहार कसे करावेत, हे शिकवायला प्रभूने तो दिलेला नाही.

अक्वायनस यांचा आणखी एक विचार मला फार मोलाचा वाटतो. एखादी वस्तू देताना मालकाचे विशेष नुकसान होत असेल, तर त्याने बाजारभावापेक्षा जास्त मागणे रास्त आहे. पण घेणाऱ्याला नड आहे म्हणून भाव चढवणे रास्त नाही, कारण ती नड विकणाऱ्याच्या मालकीची नाही. हेच उलटे करून पाहा. इस्पितळात संध्याकाळपर्यंत पैसे भरायचे आहेत म्हणून एखादी बाई पोत विकायला येते. तिची घाई पाहून भाव पाडणारा तिच्या सोन्याबरोबर तिची नडही फुकटात घेतो. शेजारी म्हणून आपण दागिना घेतला, तरी हेच लागू.

वाटणीतही तसेच. आईचे शेवटचे दिवस जिने काढले, तिच्या हातून आईची पोत जाणे आणि परगावच्या भावाच्या हातून जाणे, यांचे वजन काट्यावर सारखेच भरते. नुकसान सारखे नसते. म्हणून सोनाराकडे जाण्याआधी एकदा सगळ्यांनी बसावे. काय कोणाला ठेवून घ्यायचे आहे आणि का, ते बोलावे. मग उरलेल्याची तपासणी करावी, प्रत्येक दागिन्यापुढे ग्रॅम आणि कॅरेट लिहावे, आणि त्या कागदाची प्रत आखातात असलेल्या धाकट्यालाही पाठवावी.