संमतीविना मांडव

विवाह कशाने घडतो, असा प्रश्न आपल्या धर्मग्रामात विचारला, तर कोणी प्रेमाचे नाव घेईल, कोणी वंशवृद्धीचे, कोणी आईवडिलांच्या आशीर्वादाचे. ख्रिस्तसभेचा कायदा मात्र एकच उत्तर देतो : संमतीने. १९८३ च्या कॅनन लॉच्या १०५७ व्या कलमानुसार विवाह घडतो तो दोघांच्या संमतीने, आणि ती संमती त्यांच्या वतीने देण्याचा अधिकार जगातील कोणत्याही सत्तेला नाही. आईवडिलांना नाही, मामाला नाही, धर्मगुरूलाही नाही. समलिंगी व्यक्तींच्या विवाहहक्काचा जो प्रश्न गेली काही वर्षे देशभर चर्चिला जात आहे, त्याचा विचार आम्हाला या कलमापासून सुरू करावासा वाटतो. हा प्रश्न दिल्ली-मुंबईचा आहे, आपल्या धर्माबादचा नव्हे, अशी आपण आपली सोयीची समजूत करून घेतली आहे.

वस्तुतः तो फार दूरचा नाही. ज्यांच्या नावाने हा दावा सर्वोच्च न्यायालयात चालला, ते सुप्रियो चक्रवर्ती आणि अभय डांग हैदराबादचे. १९५६ पर्यंत आपला मुलूख हैदराबाद राज्यातच होता, आणि आजही धर्माबादच्या स्टेशनावरून आपली तरुण मुले पोटापाण्यासाठी त्याच शहराची गाडी धरतात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली आपल्या सहजीवनाची नोंद व्हावी, अशी त्या दोघांची मागणी होती. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल दिला. विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि कायद्यात बदल करणे हे संसदेचे काम आहे, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. विवाह नाही तरी निदान अशा सहजीवनाला कायद्याने ओळख द्यावी, असे चंद्रचूड आणि संजय किशन कौल यांचे मत होते. उरलेल्या तिघांना ते मान्य झाले नाही. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. त्यापूर्वी ६ सप्टेंबर २०१८ रोजी याच न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमातून मुक्त केले होते. म्हणजे आजची स्थिती अशी, की असे दोघे एकत्र राहिले तर तो गुन्हा नाही. परंतु वैवाहिक नात्याने मिळणारे कोणतेही हक्क त्यांना नाहीत. एक आजारी पडला, तर दुसऱ्याने कोणत्या नात्याने सही करावी? २०२४ साली केंद्र शासनाने काही सूचना काढल्या. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील समजावे, त्यांना बँकेत संयुक्त खाते उघडता यावे, आणि जवळचे नातेवाईक नसल्यास मृताचा देह जोडीदाराला ताब्यात घेता यावा, असा त्यांचा आशय होता. शिधापत्रिका, पासबुक आणि प्रेत एवढ्यापुरती का होईना, ओळख मिळाली.

या चळवळीच्या मिरवणुकांना ‘प्राइड’ म्हणतात. कोलकात्यात २ जुलै १९९९ रोजी जेमतेम पंधरा माणसे अशी चालली. पुढे २००८ साली मुंबईत आणि २०११ साली पुण्यात पदयात्रा निघाल्या. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनी गर्व हे सात मूळ पापांपैकी पहिले पाप म्हणून पाठ केले आहे. मग पापाची मिरवणूक कशी काढावी, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. परंतु शब्दाने फसू नये. गर्व म्हणजे स्वतःला देवाच्या जागी बसविणे. स्वाभिमान म्हणजे देवाने ताठ घडविलेली मान माणसांच्या धाकाने खाली न घालणे. हा भेद मराठवाड्यातील ख्रिस्ती माणसाला कोणी शिकवावा असे नाही. विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ साली आपल्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांनी प्राण दिले, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. हे दोन लढे एकच आहेत, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांच्यात एक मोठा फरक आहे. जातीचा अपमान साऱ्या घराच्या वाट्याला येतो. लेकराबरोबर आईही तो सोसते आणि रात्री त्याला पोटाशी धरते. समलिंगी मुलाला आपले दुःख सर्वांत आधी आईपासूनच लपवावे लागते.

ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे, हे येथे स्वच्छ सांगितले पाहिजे. विवाह संस्कार हा एक पुरुष व एक स्त्री यांचाच, ही शिकवण बदललेली नाही. धर्मशिक्षणाचा अधिकृत ग्रंथ समलिंगी संबंधांना संमती देत नाही व अशा व्यक्तींना ब्रह्मचर्याचे पाचारण करतो. तोच ग्रंथ त्यांना आदराने, करुणेने व हळुवारपणे वागवावे आणि अन्याय्य भेदभाव टाळावा, असेही बजावतो. २००३ साली व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाने अशा सहजीवनाच्या नागरी मान्यतेलाही विरोध केला होता. २०२० साली एका माहितीपटात पोप फ्रान्सिस यांनी नागरी सहजीवनाच्या कायद्याला अनुकूल मत दिले. १८ डिसेंबर २०२३ च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्राने अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद देण्याची मुभा दिली, मात्र त्याला विवाहविधीचे रूप येऊ नये असेही सांगितले. मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑसवाल्ड ग्रेशस यांनी २०१३ सालीच स्पष्ट केले होते, की ख्रिस्तसभेने समलिंगी व्यक्तींना कधी गुन्हेगार मानलेले नाही.

नागरी कायद्याने अशा जोडप्यांना संरक्षण दिले तर आपला विवाह संस्कार मलिन होईल काय? आमच्या मते, नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यामुळे वेदीसमोरचा संस्कार आणि सरकारी नोंद एकाच वेळी, एकाच लेखणीने होतात. म्हणून आपण दोन्ही एकच समजतो. तसे ते नाहीत. धर्मपीठाने विवाह रद्दबातल ठरविला तरी नागरी कायद्यात तो संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. २००१ च्या दुरुस्तीने ख्रिस्ती पतिपत्नींना परस्परसंमतीने घटस्फोट घेता येऊ लागला. ख्रिस्तसभा त्याने संस्काराचे बंधन तुटले असे मानत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदत आहेत आणि वेदी जागच्या जागी आहे. सुज्ञ ख्रिस्ती नागरिकांत याविषयी मतभेद राहतील, राहोत.

परंतु एका गोष्टीवर मतभेदाला जागा नाही, आणि ती दिल्लीत नव्हे, आपल्या घरात घडते. मुलाचा कल वेगळा आहे अशी कुणकुण लागताच घरातील वडीलधारी म्हणतात, “लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल.” कोणी त्याला भूत काढायला प्रार्थनासभेत नेतात, कोणी ‘उपचारा’साठी शहरात. असे कल बदलण्याचे उपचार करणे हे वैद्यकीय गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली जाहीर केले आहे. आणि लग्न? कॅनन लॉचे २१९ वे कलम प्रत्येक श्रद्धावंताला आपली जीवनस्थिती सक्तीविना निवडण्याचा हक्क देते. १०३ वे नव्हे, ११०३ वे कलम सक्तीने किंवा गंभीर भीतीने झालेला विवाह अवैध ठरविते. तीन रविवार घोषणा झाल्या, मांडव सजला, जेवणावळी उठल्या, तरी जेथे मोकळी संमती नाही तेथे विवाह झालेलाच नाही. त्या मांडवात एक मुलगीही असते. तिच्या आईवडिलांनी कर्ज काढलेले असते, आणि मूल का होत नाही याचा जाब पुढे तिलाच विचारला जातो. आपल्या घराची लाज झाकण्यासाठी दुसऱ्याच्या लेकीचे आयुष्य पांघरूण म्हणून वापरणे, हे कोणत्या आज्ञेत बसते?

“मग त्याने एकटेच राहायचे काय?” असा प्रश्न येथे येतो, आणि तो आम्हा धर्मगुरूंना टोचला पाहिजे. आम्हीही अविवाहित आहोत. परंतु आम्ही ब्रह्मचर्य आपल्या खुशीने स्वीकारले, आणि त्याबरोबर आम्हाला घर, सोबती, म्हातारपणाची सोय आणि लोकांचा मान मिळाला. समलिंगी मुलाकडून किंवा मुलीकडून तेच ब्रह्मचर्य मागताना आपण यापैकी काय देऊ करतो? शिकवणीचे ओझे ज्याच्या शिरावर ठेवायचे, त्याला निदान टेकायला ओटी तरी दिली पाहिजे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील हबशी षंढाला जुन्या नियमशास्त्राने मंडळीबाहेर ठेवले होते. त्याला वाटेवर पाणी दिसले, तेव्हा फिलिपने त्याच्यासाठी वेगळी अट घातली नाही. तो रथातून उतरला आणि त्याच्याबरोबर पाण्यात गेला.

म्हणून येत्या लग्नसराईपूर्वी प्रत्येक कुटुंबाला आमची विनंती आहे. मुलाला किंवा मुलीला एकांतात बसवून विचारा, हे लग्न तुला हवे आहे काय. उत्तर ‘नाही’ आले, तर कारण सांगण्याची बळजबरी करू नका. त्याने आपण होऊन कारण सांगितलेच, तर त्या रात्री त्याचे ताट नेहमीच्या जागी वाढलेले असू द्या. विवाहपूर्व चौकशीत वर आणि वधू यांना वेगवेगळे बसवून आम्ही हाच प्रश्न विचारतो. तेथे पहिल्यांदा तो ऐकण्याची वेळ आपल्या लेकरावर येऊ नये.