आम्ही की आपण?

माझं मन वळवायचं, एवढ्याचसाठी कुणी माझी भाषा शिकली, तर त्याने मला मान दिला की माझा वापर केला?

नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण एसटीत कंडक्टरकडे आम्ही अजून ‘एक नगर’च मागतो.) अमेरिकन मराठी मिशनची पहिली माणसं १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८३१ मध्ये मिशनने नगरला केंद्र उघडलं. बहुतेक जण विशी-तिशीतले, अमेरिकेच्या ईशान्येकडच्या थंड गावांतून आलेले. येशूची गोष्ट सांगायची तर आधी मराठी यायला हवी. म्हणून आल्या आल्या पहिलं काम ठरलेलं: पंडितासमोर बसायचं आणि बाराखडी गिरवायची.

त्यांच्याबद्दल आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. पहिलं: धर्मांतर करायला आले होते, भाषा हे त्यांचं हत्यार होतं, विषय संपला. दुसरं: काहीही म्हणा, त्यांनी मराठीचं भलं केलं. मुलींच्या शाळा काढल्या, १८४२ साली नगरमधून ‘ज्ञानोदय’ सुरू केलं. पहिलं उत्तर हेतू बघतं, दुसरं परिणाम बघतं. पण परकी भाषा शिकता शिकता शिकणाऱ्याचं काय होतं, ते दोन्हींतून निसटतं. मला तेच बघायचंय आणि त्याला कारण माझी नोकरी आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी आमच्या टीमकडे एक काम आलं: कर्जाच्या हप्त्याची आठवण करून देणारा, मराठीतून फोन करणारा बॉट. क्लायंटची अट होती की पुस्तकी मराठी नको. ‘नमस्कार काका, जेवण झालं का?’ अशी सुरुवात झाली की लोक फोन कापत नाहीत. टीममध्ये गावाकडचा मी एकटाच, त्यामुळे ती वाक्यं माझ्याकडे आली. बॉटला समोरच्याची चार उत्तरं कळणार होती: हो, नाही, नंतर, भरले. बाकी सगळं ‘अन्य’ या खान्यात. कांद्याचा भाव पडला, हे ‘अन्य’. पोरगं दवाखान्यात आहे, हेही ‘अन्य’.

म्हणजे लोकांकडून काही हवं म्हणून त्यांची भाषा शिकणं, हे आता माझ्या टेबलावर आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या पोरांकडे मी म्हणूनच जरा वेगळ्या नजरेने बघतो.

कल्पना करा. तुम्ही पंचवीस वर्षांचे आहात. स्वतःच्या देशात चर्चमध्ये उभं राहून तासभर बोलू शकता. आणि इथे ‘काला’ म्हणायचं की ‘काळा’, तिथेच जीभ अडकते. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दात दोन वेगवेगळे ‘च’ आहेत, हे लिहिलेलं बघून कळतसुद्धा नाही. दगड तो, माती ती आणि पाणी ते का, याला उत्तर नाही. शिकवणाऱ्या पंडिताला ख्रिस्ती व्हायचं नसतं. तो पगार घेतो आणि चुका काढतो. खोलीबाहेर राज्य गोऱ्यांचं, पण खोलीत मात्र पगार देणारा शिष्य आणि त्याला गप्प बसवणारा गुरू. गल्लीतली पोरं तुमच्या उच्चारांची नक्कल करून हसतात, आणि ती का हसली हे कळायला अजून सहा महिने लागणार असतात.

या सगळ्यापेक्षा अवघड जागा पुढे येते. इंग्रजीत ‘वी’ हा एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत. ऐकणारा धरून असेल तर ‘आपण’, त्याला वगळून असेल तर ‘आम्ही’. आता ‘वी आर सिनर्स’ हे मराठीत कसं सांगणार? ‘आम्ही पापी आहोत’ म्हटलं तर लोक म्हणतील, असाल बुवा. ‘तुम्ही पापी आहात’ म्हटलं तर उठून जातील. ‘आपण पापी आहोत’ म्हटलं, तर पाराखालचा म्हातारा मनात म्हणणार: काल बोटीतून उतरलास, तू आमच्या ‘आपण’मध्ये आलास कधी?

व्याकरणाच्या पुस्तकात हा सर्वनामांचा धडा आहे. मला तो नीतीचा धडा वाटतो. मराठी बोलणाऱ्याला दर वाक्यात ठरवावं लागतं की समोरचा आत आहे की बाहेर. इंग्रजीत ही गोष्ट झाकून ठेवता येते, मराठीत येत नाही.

राहुरीजवळच्या एका गावात मला गेल्या वर्षी झारखंडचा एक तरुण भेटला. तो पाद्री होण्याचं शिक्षण घेतोय आणि त्यासाठी मराठी शिकतोय. त्याची मायबोली कुडुख. चहा पिता पिता मी त्याला विचारलं, सर्वांत अवघड काय गेलं? म्हणाला, “तो-ती-ते. पण आम्ही-आपण लगेच समजलं. आमच्यात पण दोन आहेत. हिंदीत नाही, तिथे सगळं ‘हम’.” मग हसून म्हणाला, “अजून मी ‘आपण’ कमी वापरतो. लोक स्वतः मला धरून ‘आपण’ म्हणायला लागले, की मग मी म्हणेन.” त्याच्याही आजा-पणजांच्या दारात कधीतरी असाच कुणी परका त्यांची भाषा शिकून आला होता. त्यामुळे हे वाक्य त्याने नुसत्या नम्रपणाने म्हटलं असं मला वाटत नाही. दाराच्या दोन्ही बाजू त्याच्या घराने बघितल्या आहेत.

आता हेतूकडे येऊ. हेतू ठेवून भाषा शिकणं मुळातच वाईट, असं म्हणता येत नाही. मी इंग्रजी प्लेसमेंटसाठी शिकलो. माझी मामेबहीण नर्सिंगच्या नोकरीसाठी जर्मन शिकतेय. आम्ही कुणाला फसवलं असं कुणी म्हणणार नाही. फरक असा की आम्हाला त्या भाषेतून पगार हवा आहे. मिशनरीला ऐकणारा माणूसच हवा असतो, आतून बदललेला.

इमॅन्युएल कान्ट या जर्मन तत्त्वज्ञाचं म्हणणं होतं की माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. यावर मिशनरी म्हणेल, मी तर तुमच्या आत्म्याच्या भल्यासाठी आलो, तुम्ही माझं साधन कसे? माझ्या बॉटच्या मालकाला एवढंही म्हणता येणार नाही. पण मिशनरीच्या उत्तरातही एक खोच आहे. माझं भलं कशात, हे मला न विचारता ठरवून आलेला माणूस कितीही गोड बोलला, तरी तो माझ्याशी बोलत नसतो. तो माझ्यावर काम करत असतो.

मग बोलणं आणि काम करणं यातला फरक ओळखायचा कसा? मला सुचलेली कसोटी साधी आहे. तुमची भाषा शिकलेल्या माणसाला तुमचा नकार ऐकू येतो का? आणि तुमच्या उत्तराने तो स्वतः थोडा तरी हलतो का?

या कसोटीवर इतिहास सरळ दोन रंगांत बसत नाही. गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापलं, जवळपास अकरा हजार ओव्यांचं. ओवी हा छंद नेवाशात बसून ज्ञानेश्वरांनी ज्यात गीता मराठीत आणली, तोच. येशू सांगायला आलेल्या माणसाला ज्ञानेश्वरांच्या छंदातून जावं लागलं. त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. सत्ता असली की समोरच्याची भाषा शिकायची गरजच उरत नाही. शिकणाऱ्याने निदान एवढं मान्य केलेलं असतं की यायचं त्याला आहे, जायचं त्यांच्या दारात आहे.

सिंथिया फॅरार १८२७ साली मुंबईत आल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रांत, त्यांनी नगरला फॅरारबाईंकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतल्याचा उल्लेख येतो. सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. जे हवं ते घेतलं, नको ते ठेवलं आणि स्वतःच्या वाटेने गेल्या. भाषा एकदा दोघांची झाली की तिच्यातून आलेल्या गोष्टीचं काय करायचं, हे देणाऱ्याच्या हातात राहत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. वरकरणी हे मिशनचं यश. पण नगरला राहून याच टिळकांनी मराठी चर्चमध्ये अभंग आणि भजन आणलं. जिथे परक्या चालींवर बसवलेली मराठी पदं म्हटली जात, तिथे टाळ आले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. शिकवायला आलेल्यांना शिकणाऱ्याने उलट उत्तर दिलं, आणि आजही मराठी चर्चमध्ये त्यांचीच पदं म्हटली जातात.

याची किंमत कुणी मोजली, तेही सांगायला हवं. टिळक बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले. लक्ष्मीबाई मात्र काही वर्षं नवऱ्यापासून दूर, लोकांच्या नजरा झेलत राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, पण त्या हसण्याखाली एका बाईचं मोडलेलं घर आहे. एकाला पटलेल्या गोष्टीचा हिशेब घरातल्या दुसऱ्याने चुकवला. माझी कसोटी लक्ष्मीबाईंपुढे अपुरी पडते, कारण सुरुवातीला त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

ती आणखी एका ठिकाणी अडते. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुतेक लोक महार आणि मांग समाजातले होते. गावाच्या ‘आपण’मध्ये त्यांना कधी धरलं नव्हतं. मराठी तीच, पण त्यांच्यासाठी तिच्यात ‘अरे’ होतं, ‘अहो’ नव्हतं. अशा माणसाच्या दारात कुणी परका आला, खाली बसला आणि मोडक्या मराठीत ‘तुम्ही’ म्हणाला, तर त्याचा हेतू काय, हा प्रश्न वाड्यावरून जेवढा सोपा वाटतो तेवढा वस्तीतून वाटणार नाही. ‘बाहेरच्याने आपली भाषा वापरली’ अशी तक्रार करताना त्या ‘आपली’मध्ये कोण कोण होतं, हे आधी मोजावं लागेल.

तरीही मी कसोटी सोडत नाही, कारण तिच्यावर उतरलेली माणसं मला दिसतात. जस्टिन ॲबट हा अमेरिकन मराठी मिशनचा माणूस. निवृत्त होऊन अमेरिकेला परतल्यावर त्याने मराठी संतांची चरित्रं आणि रचना इंग्रजीत आणायला घेतल्या. १९२६ पासून भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास अशी पुस्तकं येत गेली. शेवटी त्याने हात घातला तो महिपतींच्या ‘भक्तविजय’ला. महिपती ताहराबादचे, म्हणजे राहुरी तालुक्यातले. १९३२ साली ॲबट वारला. सहकारी न. र. गोडबोले यांनी काम पुढे नेलं आणि ती पुस्तकं नंतर निघाली.

ॲबट वारकरी झाला नाही. पण इथल्या लोकांना काही सांगायला म्हणून जी भाषा त्याच्या हाती आली, तिच्यातून इथल्या लोकांचं म्हणणं त्याने स्वतःच्या लोकांपर्यंत नेलं. रस्ता एकाच दिशेचा राहिला नाही. माझ्यासाठी शिकण्याचा अर्थ इथे पूर्ण होतो.

बॉटला हे जमणार नाही, हे मला माहीत आहे. त्याला हसणारी पोरं भेटणार नाहीत, त्याची जीभ ‘ळ’वर अडकणार नाही. त्याला ‘काका’ म्हणायला एक दुपार पुरते, आणि म्हणूनच त्या ‘काका’ला वजन नाही. वजन येतं ते शिकताना सोसलेल्या वर्षांमुळे, आणि ‘काका’ म्हटल्यावर काका काहीही बोलू शकतो या धोक्यामुळे.

म्हणून मी मीटिंगमध्ये दोन गोष्टी मांडल्या. एक, ‘काका’ आणि ‘जेवण झालं का’ काढून टाका. बॉटने सुरुवातीलाच सांगावं की मी मशीन आहे आणि अमुक कंपनीकडून बोलतोय. त्याने ‘आम्ही’ म्हणावं, ‘आपण’ म्हणू नये. दोन, ‘अन्य’ हा खाना बंद करा. चार उत्तरांत न बसणारं काहीही कानावर पडलं, तर फोन मराठी समजणाऱ्या माणसाकडे जावा आणि हप्त्याची तारीख बदलायचा अधिकार त्या माणसाला असावा. कुणीतरी खर्च विचारला. मी आकडा सांगितला. आकडा मोठा आहे. निर्णय पुढच्या महिन्यात होईल.

तोपर्यंत ‘काका’ असलेली वाक्यं मी पुढे पाठवलेली नाहीत.