मारुतीचे बळ आणि विठोबाचा पाईक



सज्जनहो, वऱ्हाडातले माळकरी पालक आम्हांस अलीकडे एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारतात. कोणी म्हणतो, "महाराज, पोट्टं रोज आखाड्यात जाते. वस्ताद म्हनते, आधी मारुतीले नमस्कार, मंग लंगोट. हे चांगलंच हाय. पन आता तिथं येक जन येऊन सांगते का, धर्मासाठी हात उचलाले शिका. धाडू का नोको?" दुसरा म्हणतो, "पोरगं कराट्याच्या वर्गाले जाते. तिथं वाकून नमस्कार कराले लावतात. कोन्या देवाले करते, हे आपल्याले मालूम नाई. माळ घातलेल्या पोरानं हे करावं का?" आणि तिसरा विचारतो तो प्रश्न सर्वांत अवघड. "आपन वारकरी. आपल्याले टाळ पुरे. लाठी कायले पायजे?"

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. अंगाच्या बळाची विद्या आणि देवावरचा भाव यांचा मेळ घालावा की न घालावा, आणि घालावा तर कोठवर? या प्रश्नावर पोराचे हातपाय, प्रसंगी जीव, आणि शेजाऱ्याचाही जीव अवलंबून आहे. म्हणून या खेपेस त्याचाच विचार करू.

प्रथम शेवटल्या प्रश्नाचे उत्तर देऊ. बळाची विद्या वारकऱ्याला परकी नाही. श्रीतुकोबारायांच्या गाथ्यात पाइकीचे अभंग आहेत. पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई. तुकोबांनी त्या शिपायाचा धर्म सांगितला तो असा: धन्यासाठी जिवावर उदार व्हावे, पाठ दाखवू नये, आणि धन्याची खूण ओळखावी. ज्ञानेश्वरी तर रणांगणावरच उभी आहे. शके १२१२ मध्ये माउलींनी नेवाशास जो ग्रंथ सांगितला, त्याचा श्रोता अर्जुन हातात धनुष्य घेतलेला आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमद बाबांनी आपल्या ग्रंथाला नावच 'योगसंग्राम' दिले. तेव्हा लढाईची भाषा संतांना वर्ज्य नव्हती. परंतु ते ती कशासाठी वापरतात हे पाहिले पाहिजे. ग्रंथाच्या शेवटी माउलींनी पसायदान मागितले, त्यात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्या ठायीचा वाकडेपणा तेवढा जावो, असे मागितले. अठरा अध्याय युद्धभूमीवर राहून ज्याने शेवटी हे मागणे मागितले, त्याचे आपण वारस आहोत. ही गोष्ट आखाड्यात जाणाऱ्या पोराच्या कानी पडली पाहिजे.

आता आपली दिंडीच पाहा ना. वऱ्हाड म्हणजे विठोबाचे सासर. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी कौंडण्यपूर हे रुक्मिणीमातेचे माहेर. तेथून तिची पालखी पंढरीस जाते. शेगावाहून श्रीगजानन महाराजांची पालखी अकोल्यावरून निघते. महिन्याभराची चाल, ऊन, पाऊस, चिखल, रात्री भुईवर अंथरूण. ही काय तालीम नव्हे? रिंगणात पताकेवाले धावतात, तुळशीवाल्या बाया धावतात, विणेकरी धावतो. सत्तर वर्षांचा म्हातारा फुगडी घालतो. आणि समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उचलला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. हे बळ आहे, पण ते हुकुमात असलेले बळ आहे. ज्याला थांबता येते त्याच्याच हाती बळ शोभते.

तर वारकऱ्याने व्यायाम करावा, दंड-बैठका काढाव्या, कुस्ती शिकावी, लाठी शिकावी, याविषयी आम्हांस शंका नाही. श्रीतुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाच्या आरोग्यावर सबंध अध्याय लिहिला, आणि त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेत सर्व धर्मांच्या माणसांना एका पंगतीत बसविले. शरीर आणि प्रार्थना ही दोन्ही त्यांनी एकाच गावात नांदविली.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. आखाड्यात देव असावा की नसावा? वऱ्हाडाला याचे उदाहरण दूर शोधायला नको. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत व अनंतराव यांनी, जो आखाडा काढला, त्याला हनुमंताचे नाव दिले. त्याचेच पुढे श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम यांपासून सुरुवात झाली. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले तेव्हा या मंडळाच्या पथकाने तेथे हुतुतू आणि आपले देशी खेळ करून दाखविले. पुढे मंडळाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. यातील मर्म असे की दारावर नाव मारुतीरायाचे राहिले, आणि आत विद्या शिकविली ती शरीराची. अंगाऱ्याने दंड भरतात असे तेथे कोणी शिकविले असते तर बर्लिनला जाऊन काय दाखविले असते?

दुसरा दृष्टांत मल्लखांबाचा. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी बाळंभटदादा देवधर होते. निजामाकडून आलेल्या पहिलवानांशी कुस्ती करण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला, तेव्हा ते वणीच्या सप्तशृंगीला जाऊन बसले, देवीचा दृष्टांत झाला, आणि झाडावर खेळणाऱ्या वानरांच्या पकडी पाहून त्यांना ही विद्या सुचली, अशी आख्यायिका सांगतात. भाविकाने ही कथा भक्तीनेच ऐकावी. पण कथेत काय आहे तेही नीट ऐकावे. देवीने त्यांना आयता विजय दिला नाही. तिने त्यांना झाडाकडे बोट दाखविले. घाम बाळंभटदादांनी गाळला. आज ती आख्यायिका ज्यांच्या कानी कधी पडली नाही, अशा परमुलखातील मुलींनाही मल्लखांबावरची तीच पकड साधते. तेव्हा श्रद्धा ही शिकणाऱ्याला उमेद देते, चिकाटी देते, नम्रता देते. पकड मात्र सरावानेच येते. वस्ताद जर म्हणू लागला की अमुक मंत्र म्हटला म्हणजे घाव लागत नाही, अमुक ताईत बांधला म्हणजे चाकू बोथट होतो, तर आईबापांनी पोराचा हात धरून त्याला घरी आणावे. तो ताईत ज्या दिवशी खोटा ठरेल त्या दिवशी वस्ताद तेथे नसेल. जखम आपल्या पोराच्या अंगावर असेल.

कराट्याच्या वर्गातील नमस्काराचाही उलगडा येथेच होतो. जपानात जिगोरो कानो नावाच्या गुरूंनी १८८२ साली ज्युदोची शाळा काढली ती तोकियोतील एका बौद्ध मंदिराच्या आवारात. जागा मंदिराची होती. शिकवण शरीराची आणि शीलाची होती. तेथे खेळापूर्वी आणि खेळानंतर दोघेही गडी एकमेकांना वाकून नमस्कार करतात. यात माळेला बाध येतो काय? अहो, आम्ही वारकरी तर भेटेल त्याच्या पाया पडतो. लहान थोराच्या पडतो आणि थोर लहानाच्या पडतो, कारण समोरच्यात पांडुरंग पाहावा हीच आमची रीत. प्रतिस्पर्ध्याला वाकून नमस्कार करणारे पोर तर आपलीच रीत पाळते. कोणत्या देवाला हा नमस्कार, असे त्याने विचारले तर सांगावे, "समोर उभा आहे त्याच्यातल्या देवाला."

परंतु त्याच जपानची पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. सम्राटाला देव मानून, युद्धविद्येला त्या देवाच्या सेवेस जुंपून, तेथील राज्यकर्त्यांनी तरुणांची पिढी दुसऱ्यांच्या देशांवर घातली. १९४५ साली पराभव झाला, आणि त्यानंतर काही वर्षे तेथील शाळांतून या विद्या बंद ठेवाव्या लागल्या. विद्या वाईट नव्हती. तिच्या हाती देवाच्या नावाने शत्रू दिला गेला, तेथे घात झाला.

आणि परदेशाकडे कशाला बोट दाखवायचे? आपल्याच गोदावरीच्या काठी काय घडले? सिंहस्थात शैव आणि वैष्णव आखाड्यांच्या साधूंत स्नानाच्या मानावरून शस्त्रे चालली. ज्या नदीत पाप धुवायचे त्या नदीच्या काठी रक्त सांडले. पेशवाईत अखेर दोघांच्या जागा वेगळ्या केल्या गेल्या. शैव त्र्यंबकेश्वरी स्नान करतात आणि वैष्णव नाशिकला, ती वहिवाट आजही आहे. वारकऱ्याने हे ऐकून मान खाली घालावी, कारण आमच्या विठोबाने मस्तकी शिवलिंग धारण केले आहे आणि नरहरी सोनारांना पांडुरंगाच्या कमरेशी शंकरच सापडला. हरिहरांत भेद नाही हा आमचा सिद्धांत. ज्यांना तो उमजला नाही त्यांच्या हाती शस्त्र आणि मुखी देव एकत्र आले, तेव्हा देवाचेच भाग पडले.

म्हणून आम्ही तीन खुणा सांगतो. त्या जुळल्या तर मुलाला खुशाल आखाड्यात धाडावे.

पहिली खूण, तेथे देवापुढे वाकल्यावर पोर माणसापुढेही वाकते काय? मारुतीराया बलभीम खरा, पण त्याची मूर्ती पाहा. रामापुढे तो हात जोडूनच उभा आहे. आखाड्यातून आलेले पोर आईला उलटून बोलू लागले, गल्लीत छाती काढून चालू लागले, तर त्याने मारुतीची शेपटी पाहिली, जोडलेले हात पाहिले नाहीत असे समजावे.

दुसरी खूण, तेथली विद्या श्रद्धावान आणि अश्रद्ध दोघांना सारखी शिकविली जाते काय? आखाड्याची माती सर्वांच्या अंगाला एकच लागते. विटाळ मानणाऱ्याला कुस्ती खेळताच येत नाही. याच अमरावतीत अंबादेवीचे देऊळ सर्वांना उघडे व्हावे म्हणून १९२७ साली चळवळ करावी लागली, हे विसरू नये. आणि ज्या शब्दांनी आपण आखाड्यात बोलतो तेही पाहा. 'वस्ताद' हा शब्द फारसी उस्तादापासून आला, 'तालीम' अरबीतून आली. ज्या विद्येचे शब्दच अनेक घरांतून आले, तिच्या दारात "तू कोण?" असे विचारणे शोभत नाही.

तिसरी आणि मोठी खूण, तेथे शत्रूचे नाव सांगितले जाते काय? पोराला बचाव शिकविणे वेगळे आणि बैर शिकविणे वेगळे. कोणी वाटेत बहिणीची छेड काढली, कोणी दुबळ्याला मारू लागला, तर पुढे होऊन अडविण्याइतके बळ वारकऱ्याच्या पोरात असावेच. मात्र "अमक्या मोहल्ल्यातले ते आपले वैरी" असे जेथे शिकवितात, तेथे मारुतीचा फोटो असो की भगवी पताका असो, ती देवाची जागा नव्हे. अकोल्यात श्रावणाच्या शेवटल्या सोमवारी पोरे गांधीग्रामाहून पूर्णेचे पाणी खांद्यावर आणून राजराजेश्वराला घालतात. केवढे बळ आणि केवढी भक्ती! पण त्यातही माझी कावड मोठी की तुझी, अशी ईर्षा शिरली की पाणी देवाला आणि मान आपल्याला, असे होते. मग ज्या खांद्यावर कावड होती त्याच खांद्यावर भांडण यायला वेळ लागत नाही. खांदा पाण्यासाठी आहे एवढे वडीलधाऱ्यांनी पोरांस सांगत राहावे.

आता वऱ्हाडातील घरोघरी माहीत असलेली कथा सांगून आवरते घेऊ. दासगणू महाराजांनी 'श्रीगजानन विजय' ग्रंथात ती वर्णिली आहे. शेगावच्या पाटील घराण्यातील तरुण अंगाने दांडगे होते. मारुतीच्या देवळात येऊन ते महाराजांची टवाळी करीत. एकदा त्यांनी उसाच्या मोळ्या आणल्या आणि महाराजांस उसांनी झोडपले. योगी असाल तर सोसून दाखवा, असा त्यांचा आव होता. महाराज काही बोलले नाहीत. अंगावर वळही उठला नाही. मारणारे दमले तेव्हा महाराजांनी तेच ऊस घेतले, चरकावाचून नुसत्या हातांनी पिळले, आणि तो रस त्याच पोरांना पाजला. हरी पाटलानेही त्यांच्याशी कुस्तीची हौस करून पाहिली, आणि बसल्या जागेवरून त्यांना हलविता न आल्याने तो ओशाळला.

ही कथा ऐकून पोरे विचारतात, "आम्हालेही हातानं ऊस पिळता येईन का?" पिळता न आला म्हणून काही अडत नाही. कथेचे सार मनगटात शोधू नये. ज्याने एवढे बळ असून प्रहाराला प्रहार दिला नाही, मारणाऱ्यालाच गोड रस दिला, त्याच्या वृत्तीत ते शोधावे. असे बळ ज्या आखाड्यात शिकवितात तो आखाडा पंढरीच्या वाटेवरचा मुक्कामच समजावा.

तेव्हा पालकहो, आम्हांस पुसाल तर, पोराला सकाळी आखाड्यात जाऊ द्या आणि सांजेला हरिपाठाला बसवा. दोहोंपैकी एकच देऊ नका. नुसता आखाडा दिला तर बळाला धनी राहत नाही. आणि हरिपाठासंगे शरीर कसले नाही तर वारीच्या चिखलात म्हाताऱ्याचे ओझे कोण उचलेल? महिन्यातून एकदा तरी स्वतः आखाड्याच्या पारावर जाऊन बसा, वस्ताद काय बोलतो ते आपल्या कानांनी ऐका. पोर आपले आहे, ते कोणाच्या हाती देतो हे आपणच पाहायचे.

पांडुरंग आमच्या वऱ्हाडच्या लेकरांच्या दंडांत बळ देवो, आणि ते बळ कोणाच्या रक्षणासाठी आहे याचे भान देवो.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!