कुणाच्या नावचे दोन हजार?

२०२० च्या एप्रिलात ह्यांच्या मोबाइलवर मेसेज आला, खात्यात दोन हजार जमा. टाळेबंदी लागल्याबरोबर केंद्र सरकारने पीएम-किसानचा त्या वर्षाचा पहिला हप्ता एप्रिलातच देण्याचे जाहीर केले होते, ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना. त्यात आम्हीही होतो. अडीच एकर जमीन, आणि दुकान बेताचे, आयकर भरण्याइतके नाही. म्हणजे नियमात चोख बसणारे.

जैन म्हटले की लोकांना दुकान आठवते. पण आमच्या चिकोडी-निपाणीकडे जैन म्हणजे बहुतेक शेतकरीच. आमच्या घरात मात्र मातीत हात घालणारे आता कुणी उरले नाही. शेत गेली पंधरा वर्षे निम्म्या वाट्याने दिलेले आहे. जे कसतात त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. त्या महिन्यात अण्णांच्या डोळ्यांपुढे कोबी फुटला. बाजार बंद, टेम्पो मिळेना. शेवटी गड्डे जनावरांपुढे टाकले. बी-खताचा निम्मा खर्च आमचाही बुडाला, पण कष्ट बुडाले ते त्यांच्या एकट्याचे. आणि दोन हजार आले आमच्याकडे, कारण उताऱ्यावर नाव आमचे.

मला काही झोप येईना. न दिलेले घेणे म्हणजे चोरी, एवढे अचौर्य अणुव्रत लहानपणी पाठशाळेत शिकले होते. हे पैसे तर दिलेले होते, तेही नावानिशी. मग टोचत काय होते? हे म्हणाले, "नियमात बसतंय. नुकसान आपलंही झालंय की!" खोटे नव्हते. पण मला वाटले, शेजारच्या आजारी बाईसाठी कुणी डबा पाठवला, आणि तिचे दार बंद म्हणून तो माझ्या हातात ठेवला, तर तो डबा माझा होतो का? कुणाच्या हातात दिले एवढेच बघायचे, की कुणाच्या भुकेसाठी दिले तेही बघायचे?

दुसऱ्या दिवशी दोन हजार पाकिटात घालून मी अण्णांच्या घरी गेले. मनात जरा बरेही वाटत होते, लपवू कशाला! अण्णांनी पाकिटाला हात लावला नाही. म्हणाले, "वैनी, दान म्हणून देत असाल तर नको. माझं असंल तर वहीत लिवा."

मी खाली मान घालून परत आले. दान करायला ती वस्तू आधी आपली असावी लागते. दुसऱ्याच्या हक्काचे त्यालाच देऊन मी पुण्य जोडायला निघाले होते.

मग अण्णांचे नाव कागदावर का नाही? सरकारकडे बोट दाखवून मोकळे होता येत नाही. कर्नाटकात १९७४ पासून, थोडे अपवाद सोडले तर, जमीन खंडाने देण्यावर बंदी आहे. कसणाऱ्याची जमीन व्हावी, हा त्यामागचा हेतू. त्या वेळी सासऱ्यांची चार एकर कुळाकडे गेली. ती धास्ती घरात अजून आहे, म्हणून आमचा अण्णांशी सगळा व्यवहार तोंडी. जमीन नावावर नाही म्हणून त्यांना हप्ता नाही, आणि कागद नाही म्हणून बँकेचे पीककर्ज नाही. त्यांचे नाव कुठे लागू नये, हे आम्हालाच हवे होते.

त्या वर्षी दशलक्षण पर्व घरातच केले. उत्तम त्यागाच्या दिवशी ह्यांनी स्वतः वही काढली, बी-खतातला अण्णांचा वाटा खोडला आणि हप्त्याची निम्मी रक्कम त्यांच्या नावे लिहिली. तेव्हापासून दर हप्त्याला तसेच करतो.

पण हे पुरेसे नाही, हे मला ठाऊक आहे. अण्णांचे नाव आमच्या वहीत आले, उताऱ्याजवळ अजून फिरकलेले नाही. पैसे सोडणे जमले; भीती सोडणे जमलेले नाही. बायांनो, वाट्याने दिलेले शेत तुमच्याही घरी असेल. घरातली वही एकदा तुम्हीच उघडून बघा.