आपल्या लोकांहून निराळें मत

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर १९९१ सालीं क्लॅरेन्स टॉमस ह्या कृष्णवर्णी गृहस्थांची नेमणूक झाली. त्यांचीं मतें जुन्या वळणाच्या पक्षाशीं जुळतात, म्हणून त्यांच्याच लोकांपैकीं पुष्कळ जण त्यांस परका लेखतात. आपल्या इकडेही असें घडलें आहे.

१९३७ सालीं मुंबईच्या निवडणुकींत डॉ. आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसनें पालवणकर बाळू ह्यांस उभें केलें. बाळू चर्मकार समाजांतले. १९११ सालीं इंग्लंडांत त्यांनीं क्रिकेटमध्यें शंभरांहून अधिक गडी बाद केले होते. परंतु पुण्यास इतर खेळाडू आंत चहा घेत, तेव्हां ह्यांस तो बाहेर मातीच्या भांड्यांतून मिळे. अस्पृश्यता म्हणजे काय, हें त्यांस कोणीं शिकवावयास नको होतें. तरी हिंदु समाजांत राहूनच ती दूर करावी, असें त्यांचें मत. निवडणुकींत ते हरले.

त्यांस फितूर म्हणावें काय? वाचकहो, बाप्तिस्मा घेतल्यावर भावकीनें हाच शब्द आपणांपैकीं कितीकांस ऐकविला! बाळूंची कीर्ति आंबेडकरांविरुद्ध वापरण्याचा काँग्रेसचा डाव उघड होता. तो दोष काँग्रेसचा. जखम नाहींच म्हणणारा निराळा, आणि औषध दुसरें सुचविणारा निराळा.

औषधाविषयीं आंबेडकरांचें म्हणणें अधिक खरें होतें, असें आम्हांस वाटतें. १९५६ सालीं नागपुरास लक्षावधि लोकांनीं त्यांच्यासह धर्म पालटला. बाळू आदल्याच वर्षीं वारले होते.